‘माहीत नाही’ म्हणणारा पडदा

तिसरा रोलर थांबलेला असताना कक्षप्रमुखांनी त्याच्या सेन्सरची तार स्वतःच्या हाताने उपटली, आणि काचेपलीकडील कामगारास रोलर चालू करण्याची खूण केली.

कागद-कारखान्याच्या त्या नियंत्रण-कक्षात नव्या प्रोग्रामची तपासणी चालली होती. काळ्या पडद्यावर केवळ अक्षरे होती, आणि रेघांनी आखलेल्या चौकटी. तो पडदा घडविणारी तरुण प्रोग्रामर खुर्चीच्या कडेवर बसली होती. कक्षप्रमुखांची सही झाली, तरच जुना प्रोग्राम आज निवृत्त होणार होता. दाराशी त्यांचा धाकटा भाऊ उभा होता. तो कारखान्याचा फिटर. त्याच्या उजव्या हातास तीनच बोटे होती. नऊ वर्षांपूर्वी जुन्या पडद्यावर ‘बंद’ असे लिहिलेले असताना हाच रोलर फिरत होता.

काचेपलीकडे रोलर फिरू लागला. पडद्यावरील त्याची चौकट मात्र तार निघताच पिवळी झाली होती. तीत ‘बंद’ नव्हते, ‘चालू’ही नव्हते. तीत लिहिले होते, ‘माहीत नाही’.

“हे तुम्ही मुद्दाम घातलंत?” कक्षप्रमुखांनी विचारले.

“घालावंच लागतं, काका. रोलर चालू असेल, बंद असेल, नाहीतर सेन्सरकडून बातमीच नसेल. तिन्हींचं चित्र सांगितल्याशिवाय प्रोग्राम तयारच होत नाही. हटून बसतो.”

“आणि आधीचं अक्षर पुसायचं काम?”

“ते माझ्याकडे नाहीच. यंत्रं आत्ता अशी आहेत, तर पडदा असा दिसावा, एवढंच मी लिहिते. दर वेळी अख्खं चित्र नव्यानं. कुठलं अक्षर बदलायचं ते लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला तयार कोड, बघून घेते.”

“दादा, चहा गार झाला,” फिटर म्हणाला. “सासूसारखी खोट काय काढत बसलायस?”

प्रोग्रामर हसली. तिचा जीव थोडा भांड्यात पडला होता. “काढू द्या हो. बाकीचे सगळे बटणं दाबून बघतात. वायरला हात घालणारे हे पहिलेच. जुना प्रोग्राम नेमका तिथंच फसायचा. बातमी आली की तेवढं अक्षर बदलायचा, बातमी हरवली की शिळं अक्षर तसंच. लिहिणाऱ्याला वाटलं असणार, वायर कधी निघतच नाही. कोण भाबडा होता कोण जाणे.”

फिटर एकाएकी खिडकीबाहेर पाहू लागला.

कक्षप्रमुखांनी तार पुन्हा जोडली. तत्क्षणी पिवळेपणा गेला आणि ‘चालू’ ही अक्षरे उमटली. एखादा जुना सुतार दुसऱ्याने बसविलेला सांधा बोटाने चाचपून पाहतो, तसे ते त्या चौकटीकडे पाहत राहिले.

“अख्खं चित्र नव्यानं,” ते हळूच म्हणाले. “किती सोपं होतं. मॅडम, फार चांगलं काम केलंत.”

तिने कागद पुढे केला. ‘जुना प्रोग्राम कायमचा काढून टाकावा,’ असे वर छापलेले होते. खाली सह्यांसाठी दोन जागा होत्या. नवा प्रोग्राम तपासणाऱ्याची पहिली, आणि जुन्याच्या कर्त्याची दुसरी.

“दुसरी कोरीच राहू द्या,” ती म्हणाली. “कर्त्याचं नाव कुठल्याच फाइलीत नाही.”

कक्षप्रमुखांनी पहिल्या जागी सही केली. पेन मात्र खाली ठेवले नाही.

“राहू दे की, दादा,” फिटर म्हणाला. “मी कधी काही म्हटलंय का?”

कक्षप्रमुखांनी पेन दुसऱ्या जागी टेकवले. कागद सरकू लागला. तेव्हा फिटर जवळ आला, त्याने आपल्या तीन बोटांनी तो दाबून धरला, आणि कक्षप्रमुखांनी दुसऱ्या जागीही तीच सही केली.