धाडसी शेवट

आमचे भावोजी पेपरात सिनेमांची परीक्षणं लिहितात. त्यामुळे त्यांच्या शेजारी बसून सिनेमा बघायचा म्हणजे तोंडाला कुलूप. दोन तास होत आले, तरी पडद्यावरच्या कुटुंबाने फक्त एक कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवलं होतं. मध्येच भांडण, मध्येच हसणं, थोडं रडणं आणि पुन्हा कपाट. मागच्या रांगेत कुणीतरी चक्क घोरत होतं.

"अहो, गोष्ट कधी सुरू होणार?" ताईने हळूच विचारलं.

"गोष्ट अडाण्यांना लागते," भावोजी फिस्कारले. "असा सिनेमा शेवटपर्यंत बघायला संयम लागतो, संयम!"

दिवे लागले, तसे ते एकटेच टाळ्या वाजवत उठले. डोळे टिपले आणि "परीक्षण आजच द्यायचंय" म्हणत ताडताड निघूनही गेले. आम्ही दोघं अडाणी तिथेच बसून राहिलो.

सकाळी पेपर वाचता वाचता ताईला चहाचा ठसकाच लागला. भावोजींनी पाचपैकी साडेचार तारे दिले होते.



"त्यातला अर्धा तारा खास त्या धाडसी शेवटासाठी," त्यांनी लिहिलं होतं. "काळ्याभोर पडद्यावर फक्त एकच शब्द: मध्यंतर!"