दुसरी पार्टी

"अंकल, या घरात कोणी मेलंय का?"

तेजस्वीने विचारलं आणि हॉलमधल्या सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. वर्गातल्या पोरींनी पैज लावली होती, एजंटला हे विचारूनच दाखव. दाखवलं की. आता सोमवारचा वडापाव पक्का.

एजंट अल्पेश हसला. "बेटा, नवीन बिल्डिंग आहे. इथे अजून कोणी म्हातारंसुद्धा झालेलं नाही."

खिडकीपाशी उभं असलेलं जोडपंही हसलं. राजस आणि भाविका. तेही बदलापूरचा हाच फ्लॅट बघायला आले होते. भाविकाच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं.

मम्मीने मात्र तेजस्वीला बारीक चिमटा काढला. गेले कित्येक रविवार मम्मी, पप्पा आणि ती घरंच बघत फिरत होते, आणि अल्पेशसमोर जास्त बोलायचं नाही असं दर वेळी निघतानाच ठरायचं.

भाविकाने किचनचा नळ सोडला. नळ नुसता फुसफुसला.

"पाणी सकाळी येतं, ताई. बारवी धरणाचं. एकदम फोर्समध्ये."

"मग उद्या सकाळी येऊन बघतो ना. पाणी न बघता कसं घ्यायचं?"

"बघा की. पण या फॅमिलीलाही पसंत आहे." अल्पेश पप्पांकडे वळला. "काय, संतोषभाऊ?"

पप्पांनी रुमालाने मान पुसली. उल्हासनगरची त्यांची खोली अल्पेशचीच होती. तो कधीही खाली करा म्हणाला असता, आणि तेवढ्या भाड्यात दुसरी कुठे मिळणार होती?

"आवडलाय आम्हाला," पप्पा म्हणाले. "आजच टोकनचे पैसे देतो."

शाळेत कुणाचं न ऐकणारी तेजस्वी चपलेच्या टोकाने फरशी घासत राहिली.

जोडपं कोपऱ्यात जाऊन कुजबुजलं. भाविका सारखी नको नको म्हणत होती. शेवटी राजसने मोबाईल काढला.

"अल्पेशभाई, आम्हीच देतो. आत्ता."

अल्पेशचा फोन वाजला. पैसे आले. झालं.

दारात भाविकाने मम्मीचा हात धरला. "ताई, राग नका मानू हं. वर्षभर शोधतोय आम्ही. तुम्हालाही मिळेल चांगलं."

मम्मीला मान वर करवेना.

तिघं खाली उतरून रिक्षा स्टँडवर आले.

"बस आत," पप्पा म्हणाले.

तेजस्वी बसली नाही.

"पप्पा, मम्मी, मी परत वर चाललेय. खोली काढून घेतली तर घेऊ देत. त्या ताईंना मी सांगणार आहे, अंकल दर रविवारी आम्हाला गिऱ्हाईक बनवून आणतात. आम्ही घर घ्यायला आलोच नव्हतो."