हेराची नजर

गुप्तहेरपटांच्या चाहत्यांचा मेळावा भरला होता. साठी उलटलेले बाप्ये कमरेला खोटी पिस्तुलं खोचून एकमेकांना सांकेतिक नंबरांनी हाका मारत होते. त्यातल्या एकाला सिनेमातल्या वस्तूंचा सगळ्यात मोठा संग्राहक म्हणून मंचावर बोलावलं. सिनेमात नायकाने घातलेला ओव्हरकोट त्याने पेटीतून तान्ह्या बाळासारखा उचलला आणि छाती फुगवून म्हणाला, "आपला हेर खोलीत पाऊल टाकतो आणि एका दृष्टिक्षेपात ओळखतो, इथून काय नाहीसं झालंय. तीच नजर मी कमावलीय!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

खाली उतरल्या उतरल्या त्याने लेकीला फोन लावला. "तुझी आई सकाळपासून फोन उचलत नाहीये. तिला म्हणावं, कोटाचं कपाट पुसून ठेव. मी निघालोच."

"बाबा, आई घर सोडून माझ्याकडे आलीये. कायमची."

"काहीतरीच काय! सकाळी मी घरातच तर होतो."

"हो ना. तुमच्यासमोरूनच निघाली ती."

"मग मला कशी दिसली नाही?"



"तिची बॅग तुमच्या पेटीला घासली म्हणून तिच्यावर खेकसलात, तेव्हाच ती चालली होती, बाबा."