पुढे पळणारी

"हार तू घाल चैते, तुम्ही दोघी बरोबरच्या," असं म्हणत सरपंचांनी झेंडूचा जाडजूड हार चैतीच्या हातात दिला.

नव्या वर्षाचा पहिला दिवस होता. खोडाळ्याच्या बाजारात मंडप घातला होता. मागे बॅनर. वर नववर्षाच्या शुभेच्छा, खाली हर्षालीचा हसरा फोटो. पाड्यावरची पहिली पोलीस. हर्षाली चैतीच्या चुलत्याची मुलगी, घराला घर लागून. दोघींनी भरतीचा अर्ज एकत्र भरला, अंधारातच उठून मोखाड्याच्या रस्त्याला एकत्र पळाल्या. लेखी परीक्षेत चैती वरचढ ठरली. पण धावण्यात मागे पडली आणि थोडक्यात राहिली. हर्षाली लागली.

चैतीने हार घातला. टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. त्यात आपला चेहरा कसा आला असेल, हे तिला न बघताच कळलं. निकाल लागल्यापासून ती हेच करत होती, चेहरा सांभाळत होती. हर्षालीच्या आईने भरवलेला पेढा तिने कसाबसा गिळला होता. हर्षाली भरतीच्या मेडिकल तपासणीला गेली, त्या दिवशी तर मनात येऊन गेलं होतं की हिच्या डोळ्यांत काहीतरी दोष निघू दे. तो विचार तिने झटकला होता. पण पुरता नाही.

हर्षालीने माइक हातात घेतला. तिने आईबापांचे आभार मानले, शाळेतल्या सरांचे मानले, बूट आणून देणाऱ्या मामाचे मानले. मंडपवाल्याचेसुद्धा मानले. चैतीचं नाव काही आलं नाही. चैती वाट बघत होती, आणि आपण वाट बघतोय याचाच तिला जास्त राग आला. जेवणाला न थांबता ती एकटीच पाड्यावर निघून आली.

"असं उठून येतात काय?" तिची आई, रामी, मागोमाग येऊन म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तिचंच कौतुक करा तुम्ही सगळे. मी आता पळायची नाही."

संध्याकाळी फोन उघडला तर ज्याच्या त्याच्या स्टेटसला हर्षालीच. चैतीने फोन उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दारावर थाप पडली.

"चैते, ऊठ गो."

दारात हर्षाली उभी होती. पायात बूट, डोक्याला स्कार्फ. दुपारच्या जीपने तिला ट्रेनिंगला निघायचं होतं.

"तुझं झालं ना सगळं? आता कशाला पळतेस?" चैती म्हणाली.

"तुझ्यासाठी आले."

"काल माझं नाव घ्यायला तोंड उघडलं नाही, आणि आज माझ्यासाठी?"

हर्षाली खाली बघत म्हणाली, "काय सांगणार होते माइकवर? मी तुझ्यावर जळत होते म्हणून? शाळेपासून तूच पुढे. लेखीत पण तूच. पळण्यात तरी हिला पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढंच असायचं माझ्या डोक्यात. मागून तुझे पाय वाजले की माझी छाती धडधडायची, आणि मी आणखी जोरात सुटायचे. तुझ्या मागे कोण होतं गो? कुणीच नाही. चल, आज मी मागून पळते."

चैतीने बूट घातले.

रस्ता दवाने ओला होता. तोंडातून वाफा निघत होत्या. चैतीने सुरुवात सावकाश केली. तिला वाटलं, ही उपकार करायला आलीय, मुद्दाम हळू पळेल. पण मागची पावलं जवळ आली. आणखी जवळ आली. हर्षालीचा श्वास आता तिच्या कानाशी ऐकू येत होता. ही उपकार करायला आलेली नव्हती, हरवायला आली होती. चैतीच्या मनात कालचाच राग उठला आणि ती सुटली. ज्या चढावर तिचा दम नेहमी तुटायचा, तो कधी मागे गेला ते तिला कळलंही नाही.

"चैते! थांब की गो जरा!" मागून, बरीच मागून, हर्षाली ओरडली. आवाजात खरीखुरी धाप होती.

चैती थांबली नाही.