मागच्या सीटची शिवण

"इनॉकशेठ, हँडल सोडा आता. छाती फुटंल तुमची," बुधाजी म्हणाला.

इनॉकनं गाडी सुरू करायचं हँडल सोडलं आणि मडगार्डला टेकून धापा टाकू लागला. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. तिच्या मैलांचा आकडा फिरून कधीच शून्यावर आला होता, आणि त्यानंतरही पनवेल-आपटा रस्त्यानं तिची हाडं खिळखिळी केली होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं सगळी आळी म्हणायची. इनॉक ऐकून घ्यायचा. जन्मभर दवाखान्यात कंपाउंडरकी केलेली. कडू गिळायची सवय होती.

बुधाजी कळंबोलीचा मिठागरवाला. गाडी विकत मागायची ही त्याची पहिली खेप नव्हती.

"आमी इंजिन नवा बसवू. तुमाला ही नुसती डोकेदुखी हाय."

"विकायची नाही," इनॉक म्हणाला. "निसीम आला म्हणजे काय चालवेल?"

हे वाक्य त्याच्या बायकोचं होतं. एलिशेबाला कुणी गाडीचं विचारलं, की ती हेच म्हणायची. ही टॅक्सी चालवणारा त्यांचा एकुलता एक मुलगा इस्रायलला गेला, तेव्हा आपली चावी आईच्या हातात देऊन गेला होता. तिनं ती ट्रंकेत ठेवली. त्या ट्रंकेला ती कुणाला हात लावू देत नसे. दर रविवारी गाडी पुसायची. घरात फाटकं काही राहू द्यायची नाही, लगेच सुईदोरा घ्यायची. पावसाळ्याआधी मागच्या सीटची शिवण उसवली, तर दुपारभर गाडीत बसून तीही तिनंच शिवली.

"पत्र का नाही पोराचं?" शेजारणी विचारायच्या.

"लिहायचा आळस त्याला, दुसरं काय," एवढंच ती म्हणायची.

निसीम येणार नव्हता. मागच्या थंडीत ठाण्याचा चुलतभाऊ इनॉकला दवाखान्यात गाठून सांगून गेला होता. तिकडे शेतावर ट्रॅक्टर उलटला. माती तिथंच दिली. एलिशेबाचं काळीज अधू. धक्का सोसायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं. इनॉकनं भावाला शपथ घातली आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप लावलं.

जवळचं माणूस गेलं, की अंगावरचा कपडा गळ्यापाशी फाडायचा, ही त्यांच्या ज्यू लोकांची रीत. इनॉकनं ती गाडीत बसून एकट्यानं पाळली. सदरा वरून नीट घातला आणि फाडलेली बंडी मागच्या सीटखाली कोंबली. पोटचा पोर गेला आणि बापाला रडायला जागा मोटारीतच, याहून वाईट काय असतं!

गाडी विकणं म्हणजे एलिशेबाला सगळं सांगणंच होतं. म्हणून तो दर रविवारी हँडल मारत होता.

"पुन्हा बंद पडली?" एलिशेबा दारात आली होती. नवऱ्याचा घामेजलेला चेहरा आणि छातीवरचा हात तिनं पाहिला. पाहतच राहिली.

"वयनी, तुमीच सांगा आता शेठला," बुधाजी म्हणाला.

"बसा भाऊ, चहा ठेवते." मग ती इनॉककडे वळली. "अहो, देऊन टाका गाडी."

इनॉक दचकला. "अगं पण निसीम..."

"लोखंड आहे ते. त्यापायी तुम्ही मरणार आहात का?"

"तो आल्यावर काय सांगायचं त्याला?"

"दुसरी चावी माझ्या ट्रंकेत आहे. तीही देऊन टाका."

"तू काढून दे ना."

"नाही. आज तुम्हीच काढा," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत चुलीकडे गेली.

इनॉक ट्रंकेपुढे बसला. हिला एकाएकी काय झालं, ते त्याला कळेना. थकली असेल वाट पाहून. त्यानं झाकण उघडलं. चावी वरच होती, आणि चावीखाली त्याची बंडी, धुऊन, घडी घालून ठेवलेली. फाटकी ती तशीच होती.

बंडीखाली एलिशेबाची निळी चोळी होती. तीही गळ्यापाशी फाडलेली.