कॉरोनेट रोझलिनला

“गाडी तुझी आहे. आता माझं डोकं खाऊ नकोस,” लेनने सकाळपासून चौथ्यांदा सांगितलं आणि किल्ली बॉनेटवर आपटली.

“मुकुट माझा आहे. गाडी घे आणि जा तुझ्या ओहायोला,” रोझलिननेही चौथ्यांदा तेच उत्तर दिलं.

वाटणीवरून बहीणभाऊ भांडतात ते ‘मला हवं’ म्हणून. ही दोघं ‘तू घे’ म्हणून भांडत होती, आणि तेवढ्याच तिरसटपणे. आईचं दफन होऊन चार दिवस झाले होते. शेजारणींनी आणून दिलेला हॅम संपत आला होता, पण भांडण संपायचं नाव घेत नव्हतं.

घोळ सगळा आईचा. बर्नडीनने मृत्युपत्रात लिहिलं होतं : ‘कॉरोनेट रोझलिनला. तिला कायम तेच हवं होतं. गॅरेजमधलं बाकी सगळं लेनला.’ आता गॅरेजमध्ये कॉरोनेट दोन. एक वडिलांची अडुसष्ट सालची लाल डॉज कॉरोनेट, छत उघडणारी, सुरू केली की शेजारच्या खिडक्या थरथरवणारी. दुसरा फळीवरच्या खोक्यातला आईचा मुकुट. तरुणपणी ती जिल्ह्याच्या जत्रेची राणी झाली होती. राजाचा असतो तो क्राउन, त्याच्या खालच्या सरदार-उमरावांचा तो कॉरोनेट. मिशिगनच्या कोपऱ्यातल्या जत्रेच्या राणीला एकदम क्राउन कसा द्यायचा, म्हणून त्या वेळच्या काटेकोर कमिटीने प्रशस्तिपत्रावर ‘कॉरोनेट’ लिहून दिलं होतं. मुकुट पत्र्याचा, खडे काचेचे आणि नाव मात्र खानदानी.

पहिलं अक्षर कॅपिटल असतं तर गाडी, लहान असतं तर मुकुट, इतका साधा निकाल होता. पण बर्नडीनने तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात, सुट्या भागांच्या कोठारात चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. तिथे सगळंच कॅपिटल. ती सवय घरीही आली. मीठ, साखर, चर्चला न्यायची छत्री, प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी आणि तिच्यावर ठसठशीत कॅपिटल अक्षरं. मृत्युपत्रही तसंच. वकीलबाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि तुमचं तुम्ही ठरवा म्हणून मोकळ्या झाल्या.

लेनचं म्हणणं सरळ होतं. रोझलिनने नऊ वर्षं आईचं आजारपण काढलं. तो थँक्सगिव्हिंगला यायचा, टर्की खायचा, गाडी पुसून, सुरू करून बघायचा आणि परत जायचा. गाडीवर त्याचा जीव होता, म्हणूनच ती घ्यायची त्याला लाज वाटत होती. पण हे तोंडाने सांगेल तर तो लेन कसला. तो नुसता वैतागत होता.

रोझलिनचं दुखणं वेगळं होतं. लहानपणी सलग तीन उन्हाळे तिने तो मुकुट मागितला होता आणि आईने तीनही वेळा नाही म्हटलं होतं. आता जाताना आईला ते आठवलं असेल तर मुकुट तिचा. आणि जर गाडी दिली असेल, तर नऊ वर्षं उशाशी बसूनही आईला आपली मुलगी कळलीच नव्हती. कारण त्या गाडीचा तिला मनापासून राग होता. जत्रेच्या मिरवणुकीत दर वर्षी नवी राणी त्याच गाडीत बसायची, आणि वडिलांनी त्यावरून एक विनोद करून ठेवला होता : हिच्यात दोघांनाच जागा, राणीला आणि ड्रायव्हरला. मग ते लेनला ‘छोटा ड्रायव्हर’ म्हणून मांडीवर घ्यायचे आणि दर शनिवारी भुर्र निघून जायचे. रोझलिन फाटकापाशी धूर खात उभी.

“बस झालं,” म्हणत ती स्टुलावर चढली. खोकं घ्यायचं आणि विषय मिटवायचा. तिने त्याच्यावरची धूळ पुसली. खाली चिकटपट्टी होती. आईच्या कॅपिटल अक्षरांत एकच शब्द होता : क्राउन.

लेनने हात वर केले. आई त्याला क्राउनच म्हणायची, जन्मभर, कमिटी गेली खड्ड्यात. म्हणजे कॉरोनेट ती गाडीच. निकाल लागला.

रोझलिन खोकं मांडीवर घेऊन तिथेच स्टुलावर बसली. तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून चीड आली. नऊ वर्षं, ती म्हणाली, नऊ वर्षं मी तिला भरवलं लेन, आणि तिला एवढंही माहीत नव्हतं. मी गाडी कधी मागितली? मी मुकुट मागत होते.

“मागत होतीस,” लेन वैतागून म्हणाला. “आणि आई नाही म्हणाली की रडायला कुठे यायचीस? आईच्या आरशापुढे कधी गेलीस? इथे यायचीस, या मडगार्डला टेकून रडायचीस. आई त्या खिडकीतून बघत असायची.”

रोझलिनने मडगार्डकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मुकुट तिला हवा होता तो गाडीतली राणीची जागा मिळावी म्हणून. लेनला वाटलं, आता पाचव्यांदा सुरू होणार.

तिने खोकं उघडलं, मुकुट काढला, फुंकर मारली आणि भावाच्या टकलावर घट्ट बसवला. बॉनेटवरची किल्ली उचलली. लेन सवयीने ड्रायव्हरच्या, डाव्या दाराकडे वळला, तसं तिने त्याला कोपराने बाजूला सारलं.

“राणीने तिकडून बसायचं,” ती म्हणाली. “ड्रायव्हर मी आहे.”