काम झालं समजा

"यंत्र आहे हो, चालवणारा डॉक्टर नाही," कंपाउंडर म्हणाला. खाटेशेजारचं यंत्र अजून प्लास्टिकच्या कव्हरातच होतं.

वाटेत वडिलांच्या छातीत कळ आली, तशी तिने गाडी जवळच्या सरकारी दवाखान्यात वळवली होती. आता त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. आजारपणात वाढलेले पांढरे केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"मोठ्या दवाखान्यात हलवू?"

"रस्त्यातच जातील. डॉक्टरच इथे यायला हवा."

वडिलांनी बोटाच्या पेराने भिंतीवरची फरशी वाजवून पाहिली. दुकानदाराची खोड. "पोकळ बसवलीय," ते मास्कमधून पुटपुटले.

"बाबा, लावू का कुणाला फोन?" तिने वाकून विचारलं.

त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. "लाज आणू नकोस."

कंपाउंडरने दारावरच्या फोटोकडे हनुवटी उडवली. हात जोडलेले आमदार, भरघोस मिशी, केस काळेकुळकुळीत. "यांना लावा की, ताई. उद्घाटन यांनीच केलंय. कलप बघा! बायको रोज विचारते, कुठला लावतात."

ती हसली नाही.

"माणूस वाईट नव्हता हो. चौकात दुकान होतं. गिऱ्हाइकाला चहा पाजायचा, माल फुटका निघाला तर स्वतः खांद्यावरून आणून बदलून द्यायचा. म्हणून तर निवडून दिला. तिकडे गेला आणि तिकडचाच झाला." त्याने सिलिंडरचा काटा पाहिला. "फोन मात्र अजून स्वतः उचलतो. उत्तर ठरलेलं. काम झालं समजा."

वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"त्याचा उपयोग नाही," ती म्हणाली.

"माझ्या आईच्या वेळीही हेच म्हणाला होता."

"मग?"

"मग काय, गेली आई. याच खाटेवर." कंपाउंडरने खिशातून फोन काढला. "पण बुडत्याला काडीचा आधार. तुम्हाला संकोच वाटत असेल तर मी लावतो."

"नको," ती म्हणाली. त्याने तोवर फोन कानाला लावला होता.

वडिलांच्या उशाखाली काहीतरी वाजू लागलं. तिने हात घातला, पण त्यांचा हात आधी पोचला. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी मास्क बाजूला सारला.

"बोला," ते म्हणाले. "काळजी करू नका. काम झालं समजा."

कंपाउंडरला ते दोन्ही कानांनी ऐकू आलं.